डुक्कर फियाटचा मधला खांब

मार्चमधल्या एका सकाळी हर्षद टिपणीस वडिलांची गाडी टोचन करून भांडुपला घेऊन आला, तेव्हा शेवंती धुरी एका व्हॅनचं दार मांडीवर आडवं घेऊन त्याचे पोचे काढत होती. त्रेपन्न वर्षांची बाई. सलवार-कमीजवर पुरुषी खाकी शर्ट, केसांना घट्ट बांधलेला रुमाल. हर्षदने तिच्याकडे बघितलं, तिच्या पाठीमागच्या अंधाऱ्या शेडमध्ये डोकावून बघितलं आणि विचारलं, "धुरी मेस्त्री कुठे भेटतील?"

"भेटले की. बोला."

हर्षद जरा गोंधळला. ज्याने त्याला इथे पाठवलं होतं त्याने 'भांडुपचे धुरी' एवढंच सांगितलं होतं. बाई आहे हे सांगितलं नव्हतं.

भांडुपमध्ये मात्र हे सांगावं लागत नसे. शेवंतीचे वडील जगन्नाथ धुरी, मूळचे कुडाळकडचे, परळच्या एका गिरणीत वर्कशॉपला होते. गिरणी बसली तसे ते भांडुपला आले आणि गल्लीत एका ओळीत असलेल्या पाच शेडपैकी तिसरी भाड्याने घेऊन गाड्यांच्या पत्र्याचं काम करू लागले. तेरा वर्षांची शेवंती त्यांचा डबा घेऊन यायची. डबा संपेपर्यंत बसायचं आणि रिकामा घेऊन जायचं, एवढंच तिचं काम. एके दिवशी वडील हात धुवायला गेले तेवढ्यात तिने पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा धरला, बाहेरून हातोडी मारली आणि एक पोचा असा काढला की वडिलांना तो कुठे होता ते सापडेना. त्यानंतर डबा न्यायला यायची ती राहायलाच लागली. धाकटा भाऊ सुयोग शिकला, चिकटला एका कंपनीत, नाहूरला फ्लॅट घेतला. शेवंती शेडमध्ये राहिली. स्थळं आली, तिचे हात बघून गेली. तिनेही कोणाला थांब म्हटलं नाही.

वडील गेल्यावर शेड तिने चालवली. पोचे काढणं हे रोजचं काम, पण तिचं नाव झालं ते गाड्या सोलण्यात. जुनी गाडी तिच्याकडे द्यावी आणि सुट्टे भाग घेऊन जावे: काच तडकायची नाही, क्रोमच्या पट्टीवर ओरखडा यायचा नाही, गंजून बसलेला स्क्रूसुद्धा ती दोन दिवस डिझेल पाजून, गोंजारून सोडवायची. पुण्याचे, कोल्हापूरचे जुन्या गाड्यांचे शौकीन तिने काढलेला माल डोळे झाकून उचलत. एवढ्या वर्षांत तिने किती गाड्या मोकळ्या केल्या याची गणती नव्हती, आणि एकीसाठीही तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

म्हणूनच हर्षदला तिच्याकडे पाठवण्यात आलं होतं.

गाडी होती सत्तावन्न सालची फियाट. पुढून गोलमटोल, नाकाड पुढे आलेली, म्हणून लोक तिला डुक्कर फियाट म्हणत. तिची पुढची दारं आजच्या गाड्यांच्या उलटी उघडतात. चारही दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबांवर, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. हर्षदच्या वडिलांनी ती तीन वर्षांपूर्वीपर्यंत स्वतः चालवली होती. ते गेल्यापासून गाडी मुलुंडच्या त्यांच्या जुन्या इमारतीमागे ताडपत्रीखाली उभी होती. आता इमारत पाडून टॉवर व्हायचा होता आणि मे अखेर सगळ्यांना जागा रिकामी करायची होती.

"घाटकोपरचे चंद्रप्रकाश नेरुरकर आहेत ना, त्यांच्याकडे अशीच गाडी आहे," हर्षद म्हणाला. "त्यांना पुढची जाळी, दिवे, दारं, डॅशबोर्ड हवंय. बाकीचं भंगारात द्या. ते उद्या येऊन काय काय काढायचं ते दाखवतील."

शेवंतीने मांडीवरचं दार बाजूला ठेवलं. उठली. गाडीभोवती एक फेरी मारली. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने हलक्या हाताने छप्पर वाजवलं, मडगार्ड वाजवलं, दारं वाजवली. जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली सरकली आणि आतून बराच वेळ नुसता टकटक आवाज येत राहिला. हर्षदने तेवढ्यात ऑफिसचे दोन फोन उरकले.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या भुवया गंजाने तांबड्या झाल्या होत्या.

"डाव्या बाजूचा मधला खांब खालून कुजलाय. भिंतीला खेटून उभी होती का?"

"हो. वरून पाइप गळायचा."

"एवढंच दुखणं आहे. इंजिनचं बाजूचे खंडूशेठ बघतील, पण गाडी जिती आहे. ही मी तोडणार नाही."

हर्षदला वाटलं, ही जास्त पैसे मागण्याची रीत असेल. तो हसला. "ताई, मी तुम्हाला मत नाही विचारलं. काम द्यायला आलोय."

"काम कुठलं घ्यायचं ते मी ठरवते. मेलेली गाडी आणा, संध्याकाळपर्यंत सोलून देते. पण उभी राहू शकते तिला मी कटर लावत नाही."

"आणि मी दुसरीकडे नेली तर?"

"न्या. गाडी तुमची आहे. पण दोर आज मिळायचा नाही, टोचनवाला गेला."

टोचनवाला खरंच गेला होता. गाडी त्या दिवशी शेवंतीच्या दारात राहिली.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश नेरुरकर आपली लाल फियाट घेऊन आले. साठीचे गृहस्थ, पांढरे बूट, गाड्यांच्या मेळाव्यांतून दोन-तीन चषक मिळवलेले. त्यांची गाडी अशी चकाकत होती की बाजूच्या चारही शेडमधली माणसं काम टाकून बाहेर आली. त्यांनी खिशातून खडू काढला आणि हर्षदच्या गाडीवर फुल्या मारायला सुरुवात केली. जाळीवर फुली, दिव्यांवर फुली, चारही दारांवर फुल्या. हर्षद बाजूला उभा राहून बघत होता. वडिलांच्या गाडीवर कोणी खडूने लिहितंय हे बघून त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

शेवंती तोपर्यंत लाल गाडीपाशी जाऊन उभी राहिली होती. तिने दारावर बोटाच्या पेराने ठोकलं. मडगार्डवर ठोकलं. मग दाराच्या खालच्या उंबऱ्यावर.

"साहेब, पुट्टी किती भरलीय हिच्यात?"

चंद्रप्रकाश वळले. "काय म्हणालीस?"

"पत्रा बोलतच नाही हिचा. सगळी पुट्टी. उंबरा तर अख्खा पोकळ आहे, वरून रंग दिलाय. खड्ड्यात जोरात आपटली तर मधून वाकेल."

"मेळाव्यात पहिला नंबर आलाय या गाडीचा."

"आला असेल. मेळाव्यात नुसत्या उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा कोण वाजवतो? तुम्हाला दोन गाड्यांची एक करायचीय ना? तर मग मेलेली तोडू आणि जिती उभी करू. तुमची जाळी चांगली आहे, डॅशबोर्ड चांगला आहे. तुमची गाडी सोडा माझ्याकडे, मी टिपणीसांची उभी करून देते."

हर्षदला एकदम हसू फुटलं. वडील गेल्यानंतर या गाडीच्या नावाने त्याला पहिल्यांदाच हसू आलं होतं. पण चंद्रप्रकाशना ते झोंबलं. बघे जमले होते, त्यात एक बाई बोटाच्या पेराने त्यांचा चषक फोडत होती.

"हे बघ बाई," ते म्हणाले, "तुझं नाव मी ऐकलंय ते तोडण्यासाठी. तुझा हात तोडायचा आहे. जोडणं म्हणजे वेगळी विद्या असते, त्याला नजर लागते, शिक्षण लागतं. या शेडमध्ये ते होत नसतं. तू तुझं काम कर."

शेवंती वळली. आत गेली, रॉकेलचा बोळा घेऊन आली आणि टिपणीसांच्या गाडीवरच्या फुल्या एकेक करून पुसायला लागली. जाळीवरची, दिव्यांवरची, मग दारांवरच्या चारही. शेवटची पुसून झाल्यावर बोळा खाली टाकला आणि हर्षदकडे वळली.

"दसऱ्यापर्यंत मुदत द्या. मजुरी गाडी उभी राहिली तरच घेईन."

"आणि नाही राहिली तर?"

"चार माणसं बसवून भांडुपहून पवईला तुमच्या ऑफिसपर्यंत नेते. वाटेतला चढ ढकलल्याशिवाय चढली नाही, तर याच हातांनी तोडीन. फुकट. हे साहेब खुर्ची टाकून समोर बसू देत."

"कबूल," हर्षदच्या आधी चंद्रप्रकाशच म्हणाले, आणि गाडीत बसून निघून गेले.

हर्षदने मान हलवली. आपण हो का म्हणतोय ते त्यालाही नीट कळत नव्हतं.

---

इंजिन खंडूशेठने उघडलं. ते बाजूच्या शेडमधले मेकॅनिक, सत्तरीचे, शेवंतीच्या वडिलांचे दोस्त. तीन वर्षं उभ्या गाडीचा क्लच चिकटला होता, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक झाला होता. त्यांनी शिव्या देत देत जूनपर्यंत सगळं मार्गी लावलं. इंजिन सुरू झालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले.

अडलं ते पत्र्यावर. शेवंतीच्या हातावर.

डावा मधला खांब खालून वीतभर नव्हताच. जे होतं ते गंजाचे पापुद्रे. तिने नवा पत्रा वाकवून खांब घडवला, जोडला, दारं टांगली. दारं अर्ध्या इंचाने खाली आली, लागेचनात. तोडला. पुन्हा घडवला. या वेळी पुढचं दार लागलं, मागचं उघडं राहिलं. खांबाच्या पोटात बिजागऱ्या धरून ठेवणारी एक जाड, आटे पाडलेली पट्टी असते. तीच कुजून गेली होती आणि तिचं नेमकं माप कुठे मिळेना. पुण्याला फोन केले, कोल्हापूरला केले. सगळ्यांचं उत्तर एकच: अशी गाडी हाताला लागली तर ठेवतो, तोडत नाही. किंवा: असा माल नेरुरकरांकडे असतो.

श्रावण आला. तिसऱ्यांदा दारं टांगून झाली आणि तिसऱ्यांदा ती लोंबली, तेव्हा शेवंती हातोडी खाली ठेवून शेडच्या मागच्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

मुंबईत आणखी एक डुक्कर फियाट होती. ती तिच्याच शेडमध्ये होती.

ती बाबांची गाडी. पस्तीस वर्षांपूर्वी कोणी गिऱ्हाईक दुरुस्तीला सोडून गेलं ते परत आलंच नाही. जगन्नाथ धुरींनी दोन वर्षं वाट बघितली आणि मग ती आपली मानली. ही नीट करायची आणि गणपतीला सगळ्यांना घेऊन कुडाळला जायचं, असं ते दरवर्षी म्हणत. काम मात्र गिऱ्हाइकांच्या गाड्यांचंच व्हायचं. त्यांच्या हातून एकच भाग पुरा झाला होता: डाव्या बाजूचा मधला खांब. तो त्यांनी जाड पत्र्याचा, बिजागरीच्या पट्टीसकट, नव्याने घडवला होता. मग वीस वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून गाडी कोपऱ्यात होती. शेवंती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ही बाबांची. हिला उभी करायचीय." सुयोग दर दसऱ्याला नाहूरहून झेंडूचा हार घेऊन यायचा, बोनेटला घालायचा, नारळ फोडायचा आणि जायचा.

शेवंती त्या गाडीपाशी गेली. वीस वर्षांत तिने ती एकदाही वाजवून बघितली नव्हती. आता बघितली. मग गाडीखाली हात घातला. तळाचा पत्रा मातीत मिसळून गेला होता; हाताला माती लागली, पत्रा लागला नाही. इंजिनमध्ये उंदरांनी संसार थाटलेले. चासीसारखं काम करणारे दोन्ही उंबरे बिस्किटासारखे मोडत होते. हर्षदची गाडी जिती आहे हे तिने एका फेरीत सांगितलं होतं. आणि ही कोणी परक्याने आणली असती, तर मेलेली आहे हेही तेवढ्यात सांगितलं असतं.

खंडूशेठ मागे येऊन उभे होते. "शेवंते, तू जे मनात आणत्येस ते बोलू नको हां."

"काका, ही मेलीय."

"माहीत आहे मला. वीस वर्षं माहीत आहे."

"मग बोलला का नाही?"

"तू बोलत होतीस ना, उभी करायची म्हणून. मी कशाला मध्ये पडू?"

तिने रविवारी सुयोगला बोलावलं. मागच्या चाळीत तिच्यासोबत राहणाऱ्या आईलाही, कृष्णाबाईंना, हाताला धरून शेडमध्ये आणलं. स्टुलावर बसवलं आणि दोघांना सरळ सांगून टाकलं: बाबांची गाडी कापून तिचा खांब टिपणीसांच्या गाडीला लावते आहे.

सुयोग आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं. "डोकं फिरलंय का तुझं? बाबांची गाडी? परक्या माणसासाठी? ती आपली आठवण आहे, ताई."

"आठवण आहे ना? घेऊन जा. तुझ्या सोसायटीत उभी कर."

"तिथे पार्किंग कुठाय?"

"मग इथेच राहू दे आणि दर रविवारी येऊन तिचा गंज घासायला लाग. मी हत्यारं देते. बाबांनी तुलाही शिकवलं होतं."

"तू विषय बदलू नको."

"विषय हाच आहे रे. तू वर्षातून एकदा हार घालतोस आणि मी वर्षभर खोटं बोलते. दोघांनी मिळून मढं राखलंय. कोणी बाहेरचा असा घेऊन बसला असता तर मीच त्याला हसले असते."

कृष्णाबाईंनी काठी आपटली. "बापाशीची गाडी ती तुझ्या. तिका हात लावशीत, तर माका तोंड दाखवू नको."

"आये, बाबांनी तिच्यात एकच खांब केला. तो इथे कुजायला ठेवू का रस्त्यावर पाठवू?"

"माका नाय शिकव. तू पयल्यापासून अशीच. बापूस पण तुका काय सांगूक गेलो नाय, म्हणान ही दशा." त्या उठल्या आणि सुयोगच्या खांद्याचा आधार घेऊन निघून गेल्या.

शेवंतीने सुयोगला गणपती विसर्जनापर्यंत वेळ दिला. तोपर्यंत गाडी नेली तर नेली. तो आला नाही. फोनवर म्हणाला, तू असं काही करणार नाहीस, मला माहीत आहे.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, शेडचं दार सताड उघडं ठेवून तिने कटर सुरू केला. आवाज ऐकून ओळीतले सगळे जमले. सुयोगला कोणीतरी फोन केला असावा, तोही रिक्षाने येऊन पोहोचला. तो दारात उभा राहिला आणि ओरडला, पण कटरच्या आवाजात काय ओरडला ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

ठिणग्या उडत होत्या, तिने चष्मा लावला होता, त्यामुळे डोळ्यांचं काही कळलं नाही. तिने आधी छताकडून कापलं, मग खालून. खांब हातात आला. तो जड होता. आतल्या बाजूने, जिथे कोणी कधी बघणार नाही तिथेही, बाबांनी कानशीने कडा गुळगुळीत केल्या होत्या. ती ते बघत क्षणभर थांबली. मग तो हर्षदच्या गाडीपाशी नेऊन ठेवला आणि परत येऊन उरलेली गाडी सोलायला लागली. नेहमीसारखीच: आधी काचा, मग पट्ट्या, मग दिवे. संध्याकाळी भंगारवाल्याचा टेम्पो आला, तेव्हा उरलेला सांगाडा चढवायला तिने स्वतः हात लावला.

सुयोग जाताना एवढंच म्हणाला, "बाबा असते तर?"

"बाबा असते तर वीस वर्षांपूर्वीच कापली असती. त्यांना भंगार ओळखता येत होतं."

हे खरं होतं की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं. पण तिने ते मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

खांब बसला. चौथ्यांदा दारं टांगली आणि दोन्ही दारं एका बोटाने लागली.

---

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी गाडी निघाली. कागदपत्रांचं नूतनीकरण हर्षदच्या वडिलांनी वेळच्या वेळी करून ठेवलं होतं; विमा आणि प्रदूषणाचा दाखला हर्षदने नवा काढला. चालवायला शेवंती, शेजारी खंडूशेठ पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन, मागे हर्षद आणि त्याची बायको प्रांजल. मागून आपल्या लाल गाडीत नव्हे, तर ड्रायव्हर असलेल्या मोठ्या गाडीत चंद्रप्रकाश.

शास्त्री मार्गावर ट्रॅफिक मुंगीच्या पावलांनी सरकत होता. गांधीनगरच्या नाक्यावर सिग्नल तीनदा लाल झाला आणि बोनेटमधून वाफ यायला लागली. मागून हॉर्नचा कल्ला उठला. एक टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "अरे मावशी, म्युझियममध्ये ने ती!"

चंद्रप्रकाश गाडीतून उतरून आले. "बघ हं. जळेल इंजिन. मान्य कर आणि बाजूला घे."

"बाजूलाच घेत्येय. हरले म्हणून नाही, तहान लागलीय तिला." तिने गाडी कडेला लावली. पैज ढकलण्याची होती, थांबण्याची नव्हती. वीस मिनिटं पाचही जण फुटपाथवर उभे राहिले. रेडिएटर हात लावण्याइतका निवल्यावर खंडूशेठने कॅन रिकामा केला.

मग पवईचा चढ. तिने स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर दुसऱ्यात टाकला आणि काढलाच नाही. बाजूने मोटारसायकली, बसगाड्या, टँकर, सगळे पुढे निघून जात होते. गाडी रडत होती, कुंथत होती, पण चाकं फिरत होती. हर्षदने मागून तिच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती, जसा काही तोच ढकलत होता. चढ संपला आणि उजवीकडे तलावाचं पाणी दिसलं तेव्हा खंडूशेठने एक सणसणीत शिवी दिली आणि लगेच प्रांजलची माफी मागितली.

ऑफिसच्या दारात सुरक्षारक्षकाने हात आडवा केला. इथे फक्त स्टिकरवाल्या गाड्या, तो म्हणाला. हर्षद खाली उतरला. "माझी आहे. माझ्या वडिलांची. स्टिकर लाव हिला."

चंद्रप्रकाश पाच मिनिटांनी पोहोचले. त्यांनी वाकून डावी दारं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. खांबावरून बोट फिरवलं. सांधा सापडला नाही. उठले आणि हर्षदला म्हणाले, "अख्खी घेतो. तू म्हणशील त्या किमतीला."

हर्षद उत्तर देण्याआधी शेवंतीकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघताय? विकायची तर विका," ती म्हणाली. "फक्त ह्यांना सांगा, तोडायला माझ्याकडे आणू नका."

हर्षदने गाडी विकली नाही. टॉवर होईपर्यंत ती पवईत ऑफिसच्या तळघरात राहते. दर रविवारी तो भांडुपला येतो आणि शेवंती त्याला दांड्यावरचा गिअर शिकवते. तो अजून पहिल्याच्या जागी तिसरा टाकतो आणि शिव्या खातो.

आई दिवाळीपर्यंत शेवंतीशी बोलली नाही. जेवण मात्र दोघींचं रोज एकाच चुलीवर होत होतं, त्यामुळे न बोलणंही समोरासमोर बसूनच चालायचं. भाऊबीजेला सुयोग आला, ओवाळून घेतलं, ताटात ओवाळणी टाकली आणि शेडकडे न जाता परत गेला. तो अजून रागावलेला आहे. शेवंतीने त्याला एकदाही समजावलं नाही. आपण चुकलो असं तिला वाटत नाही, आणि त्याला दुखलं हे तिला दिसतं. या दोन्ही गोष्टी तिने आपापल्या जागी राहू दिल्या.

हर्षदच्या गाडीची बातमी फिरली तशी माणसं येऊ लागली. कोणी हेराल्ड घेऊन आलं, कोणी आजोबांची अॅम्बॅसिडर. हर्षद हौसेने म्हणाला, ताई, आता इंग्रजीत छानसा बोर्ड लावू, जुन्या गाड्यांना नवं आयुष्य वगैरे. तिने गल्लीतल्या पेंटरला बोलावलं आणि पत्र्यावर आपल्या शब्दांत लिहून घेतलं:

'धुरी पत्रा काम. गाडी जोडून मिळेल, तोडून मिळेल. काय करायचं ते गाडी बघून सांगू. वाद घालू नये.'

गेल्या महिन्यात मुलुंडहून एक बाई नवऱ्याची अॅम्बॅसिडर घेऊन आल्या, वाटेल ते करा पण वाचवा म्हणाल्या. शेवंतीने गाडीभोवती फेरी मारली, खाली सरकली, बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसून सांगितलं की ही वाचायची नाही. त्या रडल्या. शेवंतीने त्यांना चहा मागवला, रडणं संपेपर्यंत सोबत बसून राहिली. चहा झाल्यावर त्यांनी चावी तिच्या हातात दिली. मग तिने रुमाल आवळला आणि काचांपासून सुरुवात केली.